गाडीतला पेट्रोल पंप बदलताय? आधी वायर तपासा!

गाडी स्टार्टर मारते, पण उचलत नाही? चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ आवाज यायला हवा. नसेल, तर नवा पंप आणण्याआधी फ्यूज, रिले आणि अर्थ तपासा. त्या दोन सेकंदांत पंपाच्या प्लगवर जवळपास बॅटरीइतकेच व्होल्ट मिळायला हवेत. ९-१० च दिसले, तर दोष वायरिंगचा.

पंप खरंच गेला असेल तर:

🔧 टाकी शक्य तितकी रिकामी, गाडी मोकळ्या हवेत. फायर एक्स्टिंग्विशर जवळ; बिडी-सिगारेट लांब.
🔧 इंजिन चालत असेल तर पंपाचा फ्यूज काढून ते आपोआप बंद पडू द्या. लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.
🔧 झाकणाभोवतीची धूळ पुसूनच मॉड्यूल उचला. फ्लोट वाकवू नका.
🔧 प्लस-मायनस जुळवा, उलटे जोडल्यास पंप उलटा फिरतो.
🔧 टाकीतल्या जोडाला साधी टेप चालत नाही, पेट्रोलमध्ये गोंद सुटतो. पेट्रोलमध्ये टिकणारी वायर आणि क्रिंप वापरा.
🔧 ओ-रिंग आणि जाळी नवीच.

सीट बसवण्याआधी फ्यूज आणि बॅटरीची केबल परत जोडून चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि गळती बघा. आणि रोज रिझर्व्हवर गाडी पळवू नका, पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच!