मुलांच्या हाती यंत्र द्या, पण शिकवून द्या!

हायस्कूलची मुले रोबो बनवतात ही आता केवळ परदेशातली बातमी राहिलेली नाही. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने 1989 साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि 1992 मध्ये शाळकरी मुलांची तिची पहिली रोबो स्पर्धा झाली. आज या संस्थेच्या स्पर्धा भारतातही होतात. आपल्याकडे 2016 मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशभरातील हजारो शाळांना ‘टिंकरिंग लॅब’ मिळाल्या. सहावी ते बारावीची मुले तिथे हाताने वस्तू बनवतात. त्यांत सरकारी शाळाही आहेत. तेव्हा हा विषय आपल्या वस्तीतल्या घरांचाही झाला आहे.

रोबो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर येतो. पण रोबोला अंगही लागते. ॲल्युमिनियमची पट्टी कापावी लागते, तिला भोके पाडावी लागतात, कडा कानशीने घासाव्या लागतात. मोठ्या स्पर्धेतला रोबो तर 50 किलोच्या घरात जातो. त्यासाठी ड्रिल मशीन, बँडसॉ, ग्राइंडर आणि काही ठिकाणी लेथही लागतो. ही यंत्रे धातू कापण्यासाठी बनली आहेत. समोर पट्टी आहे की बोट आहे, हे त्यांना कळत नाही.

दोन्ही वाटा चुकीच्या

काही शाळा भीतीपोटी यंत्रे कपाटात ठेवून कुलूप लावतात. पाहुणे आले की कुलूप निघते, फोटो होतो, पुन्हा कुलूप. पैसेवाल्याच्या मुलाला बाहेर खासगी क्लास मिळतो. आपल्या मुलाच्या वाट्याला ते बंद कपाटच येते. दुसरीकडे “पोरं हुशार आहेत, आपोआप शिकतील” म्हणून त्यांना यंत्रापुढे सोडून देतात. पहिल्या वाटेने संधी जाते, दुसऱ्या वाटेने बोट जाते.

हुशारी हे यंत्रापुढे संरक्षण नव्हे. अमेरिकेतील येल हे जगातील नामांकित विद्यापीठ. तिथे एप्रिल 2011 मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी रात्री वर्कशॉपमध्ये लेथवर एकटीच काम करत होती. तिचे केस फिरत्या लेथमध्ये अडकले आणि तिचा जीव गेला. धावत जाऊन यंत्र बंद करील असे कोणीही शेजारी नव्हते.

वस्तीतल्या कामगारांचे ईएसआयचे फॉर्म आम्ही अनेकदा भरून देतो. अपघात कसा झाला, या रकान्यात बहुतेक वेळा एकच वाक्य सांगितले जाते, “हात अडकला.” पण हात का अडकला, हे विचारले की खरी गोष्ट बाहेर येते. कोणी हातमोजा घातलेला असतो, कोणी चालू मशीन पुसत असतो, कोणाला दुसरी पाळी लागून करावी लागलेली असते. शाळेत मुलाला हा ‘का’ आधी शिकवायचा आहे.

काय शिकवावे?

पहिला धडा यंत्र बंद करण्याचा. स्विच कुठे आहे, हे न बघता हात पोहोचेल इतके पाठ हवे. बिट बदलायचा तर आधी प्लग काढायचा.

दुसरा धडा कपड्यांचा. ओढणी, शाळेचा टाय, गळ्यातले ओळखपत्र, बांगड्या, अंगठी, मनगटातला दोरा, सैल बाही, यांतले काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. केस बांधून टोपीत घालावेत. हातमोज्यांबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. धारदार पत्रा उचलताना मोजे जरूर घालावेत. पण ड्रिल किंवा लेथ चालू असताना घालू नयेत. मोज्याचा एक धागा अडकला तरी मागोमाग सगळा हात खेचला जातो.

तिसरा धडा डोळ्यांचा. नंबरचा चष्मा पुरत नाही, कारण तो बाजूने उघडा असतो. बाजू झाकणारा सुरक्षा चष्मा हवा. तो यंत्रावर काम करणाऱ्याने घालावा आणि शेजारी उभे राहून बघणाऱ्यानेही घालावा.

चौथा धडा पकडीचा. पातळ पट्टीला भोक पाडताना ती हातात धरायची नाही. बिट खालून बाहेर पडता पडता पट्टीत अडकतो आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. म्हणून खाली लाकूड ठेवून पट्टी क्लॅम्पने आवळावी. चक आवळायची चावी चकमध्येच सोडून मशीन चालू केले तर ती गोळीसारखी उडते. यासाठी एक साधा नियम असतो. चावी चकमधून काढेपर्यंत तिच्यावरचा हात सोडायचा नाही.

धातूचा किस हाताने झाडू नये, तोंडाने फुंकू नये. मशीन थांबवून ब्रशने काढावा. ग्राइंडरच्या साध्या दगडावर ॲल्युमिनियम घासू नये. मऊ धातू दगडात भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो.

पायरीपायरीने परवानगी

चांगल्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी लेथ देत नाहीत. आधी मोजमाप, कानस आणि हॅक्सॉ. मग ड्रिल, मग बँडसॉ आणि शेवटी लेथ. शिक्षकाने करून दाखवावे, मुलाने त्यांच्या नजरेसमोर करावे, तोंडी प्रश्न विचारावेत आणि मगच त्या यंत्रापुढे मुलाचे नाव नोंदवावे. ड्रिल येते म्हणून लेथची परवानगी मिळत नाही. ही शिकवण मराठीतून व्हावी. इंग्रजी सूचना नुसती भिंतीवर टांगून कोणाचे बोट वाचत नाही.

यात नवे काही नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 23 व्या कलमात हेच तत्त्व होते. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोके आणि खबरदारी पूर्ण समजावल्याशिवाय, तसेच पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याशिवाय कामाला लावू नये, असे ते सांगत होते. कारखान्यासाठी जे आवश्यक मानले गेले, ते शाळेत कमी करून कसे चालेल?

मुलींना “तुमचे केस लांब, तुम्ही नोंदी लिहा” असे सांगून बाजूला बसवतात. हे आम्हाला मान्य नाही. केस टोपीत बसतात. मुलीचा हक्क वहीत बसवू नये.

आपल्याजवळची विद्या

आपल्या वस्त्यांत टर्नर, फिटर, मशिनिस्ट म्हणून आयुष्य काढलेली माणसे आहेत. नुसत्या आवाजावरून बिटची धार गेल्याचे ते सांगतात. मुलगा दहावीला गेला की अशा बापाला वाटते, आता आपल्याकडे त्याला शिकवण्यासारखे काय उरले? उरले आहे, आणि पुष्कळ आहे. शाळेने अशा निवृत्त कामगाराला महिन्यातून दोनदा तरी सन्मानाने बोलवावे. मात्र “आम्ही चष्म्याविना तीस वर्षे काढली, काही झाले नाही” ही सवय त्यांनी फाटकाबाहेर ठेवावी.

पालकांनी शाळेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राजवळ जाणकार माणूस उभा असतो काय? प्रत्येक मुलासाठी सुरक्षा चष्मा आहे काय? कोणाला कोणत्या यंत्राची परवानगी आहे, याची नोंद आहे काय? स्पर्धा जवळ आली की मुलांना रात्री उशिरापर्यंत, दमलेल्या अंगाने यंत्रावर बसवतात काय?

आणि घरी एक गोष्ट करावी. “बिट जरासा निसटला होता” असे मुलाने सांगितले तर रागावू नये. रागावलो तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. अपघात होता होता टळला, ही गोष्ट शाळेच्या वहीत लिहिली गेली तर दुसऱ्या मुलाचे बोट वाचते. आपल्या मुलांनी यंत्रावर निर्भयपणे काम करावे, आणि संध्याकाळी दहा बोटांनिशी घरी यावे.