मेणातली गाठ

संपादकांनी पाठवलं होतं ‘केमो टाळणाऱ्या चाचणी’वर लिहायला. माझा अर्धा दिवस मात्र मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात, बर्फाच्या ट्रेपाशी गेला. ट्रेमध्ये मेणाचे ठोकळे उपडे मांडलेले. प्रत्येकात कुणाच्या तरी स्तनातल्या गाठीचा तुकडा. “गार मेण नीट कापतं,” मायक्रोटोमचं चाक फिरवत तंत्रज्ञ ताई म्हणाल्या. पात्यावरून जेमतेम पाच मायक्रॉन जाडीची पट्टी उतरली, तिला त्यांनी ब्रशच्या टोकानं कोमट पाण्यावर सोडलं, आणि सुरकुत्या आपसूक गेल्या. पंखा बंद होता. एवढ्याशा वाऱ्यानंही पट्टी उडते म्हणे.

अशाच ठोकळ्यांवर ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी होते. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या जिनॉमिक हेल्थ कंपनीनं ती २००४ साली आणली. २०१९ मध्ये ही कंपनी एक्झॅक्ट सायन्सेसनं विकत घेतली. प्रश्न साधा आहे. गाठ लवकर सापडली, ती हार्मोनला दाद देणारी आहे, हर-टू निगेटिव्ह आहे, म्हणजे तिच्यात हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही. हार्मोन रोखणारी गोळी तर चालू होणारच, मग वर केमो द्यायची का? पूर्वी गाठीचा आकार आणि ग्रेड बघून, ‘कशाला धोका पत्करा’ म्हणत, ती बहुतेकींना दिली जाई.

मला भुरळ घातली ती मेणानं. मेणात बसवण्याआधी गाठ फॉर्मलीनमध्ये मुरवतात. त्यात आरएनएचे, म्हणजे जनुकांच्या निरोपांचे, तुकडे तुकडे होतात, म्हणून असा जनुकांचा अभ्यास बहुतांशी ताज्या, गोठवलेल्या गाठींवर चाले. ॲमस्टरडॅमला लॉरा व्हान्ट वीर यांनी २००२ मध्ये दाखवलेली सत्तर जनुकांची ओळखखूण अशाच गोठवलेल्या गाठींतून निघाली. पण जगभरच्या रुग्णालयांच्या कपाटांत असतं ते मेण. जिनॉमिक हेल्थनं मोडक्या आरएनएचे आखूड तुकडेच मोजायची रीत बसवली आणि जुनी कपाटं बोलू लागली. एनएसएबीपी बी-१४ या जुन्या अभ्यासातल्या, टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी घेतलेल्या ६६८ स्त्रियांचे ठोकळे तपासले गेले. त्यांचं पुढे काय झालं हे आधीच नोंदलेलं होतं. फक्त गाठीनं ते अगोदर सांगितलं असतं का, एवढंच बघायचं होतं.

चाचणी एकवीस जनुकं मोजते. सोळा कर्करोगाची, उरलेली पाच तराजूचा धडा करण्यासाठी: ठोकळा जुना असो की नवा, माप सारखं यावं म्हणून. शेवटी शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो. तो जितका मोठा, तितकी रोग परतण्याची भीती जास्त. २०१८ मध्ये जोसेफ स्पॅरानो यांच्या टेलरएक्स अभ्यासाचे निकाल आले. काखेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत रोग न पोचलेल्या आणि ११ ते २५ आकडा आलेल्या ६,७११ स्त्रियांत सोडत काढून निम्म्यांना केमो दिली, निम्म्यांना नाही. नऊ वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८४.३ आणि ८३.३ टक्के. एका टक्क्यासाठी केस, उलट्या, हातापायांच्या मुंग्या!

पण त्याच निकालात एक पोटकलम आहे. पन्नाशी किंवा त्याआतल्या बायकांना आकडा १६पासून पुढे असेल तर केमोचा थोडा फायदा दिसला. तो औषधाचा, की केमोनं पाळी बंद पडण्याचा, यावर वाद चालू आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो. म्हणजे तिथलं पोटकलम ही आपली मोठी रांग.

आणि पैसे. चाचणी लाखांत जाते. सरकारी रुग्णालयात अख्खी केमो त्याहून स्वस्त पडते. मंजिरी बाक्रे यांच्या बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेमनं त्यावर कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी काढली: त्याच मेणावर पाच प्रथिनांची रंगचाचणी, जोडीला गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या लसीकाग्रंथींची स्थिती. ती स्वस्त आहे. मात्र टेलरएक्ससारखी सोडतीची कसोटी तिच्यामागे नाही, आणि मला ही उणीव छोटी वाटत नाही.

निघताना ताईंनी एक ठोकळा दाखवला. पट्टी मधोमध फाटत होती. बाहेरगावाहून अख्खी गाठ, चीर न देता, लहानशा बाटलीत कोंबून आली होती. फॉर्मलीन आत मुरतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर. ते पोचेपर्यंत मधला भाग मऊ पडला होता.

“याचा आकडा येईल?” मी विचारलं.

“कडेचं घेऊन बघू,” म्हणत त्यांनी ठोकळा पुन्हा बर्फावर उपडा ठेवला.