पेटींतील पिलें बाहेर पडतांना

गोठ्याच्या आढ्याखालीं, विहिरीच्या दगडी बांधणींत किंवा जुन्या आंब्याच्या ढोलींत घरटें करणारे पक्षी आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. चिमणी, साळुंकी, दयाळ, पिंगळा हे सर्व आयत्या पोकळींत अंडीं घालणारे. परंतु मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या, कौलांच्या जागीं पत्रे बसले आणि बांधावरील जुनीं झाडें तुटलीं. त्यामुळें या पक्ष्यांस जागा दुर्मिळ झाली. लांकडी पेटी टांगून ही उणीव थोडीबहुत भरून काढतां येते. पेटीची माहिती थोडक्यांत देऊन, पिलें बाहेर पडण्याच्या दोन-चार दिवसांत शेतकऱ्यानें काय करावें व मुख्यतः काय करूं नये, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. केलेले श्रम वायां जाण्याची वेळ तीच असते. आणि आमचे एकदां तसे गेले आहेत.

चिमणी दाणे खाते, तिला घर कशास बांधून द्यावें, असा आक्षेप कोणी घेईल. चिमणी दाणे खाते हें खरें. पण तिचीं कोंवळीं पिलें दाण्यावर वाढत नाहींत. त्यांस अळ्या व किडेच लागतात आणि मायबाप ते दिवसभर वेंचून आणितात. चीन देशांत १९५८ सालीं चिमण्यांस धान्याचे शत्रु ठरवून त्यांचा सरसहा संहार करण्यांत आला. किडींचा उपद्रव वाढल्यावर चूक ध्यानांत आली व १९६० सालीं शत्रूंच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेंकणाचें घालण्यांत आलें. दयाळाची गोष्ट तर याहून सरळ आहे. त्याचा मुख्य आहारच किडे. हॉलंडांतील सफरचंदाच्या बागांत किडे खाणाऱ्या एका लहान पक्ष्यासाठीं पेट्या टांगून केलेले प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत अळीनें होणारें फळांचें नुकसान कमी झालें व झाडामागें उत्पन्न वाढलें, असें दिसून आलें.

पेटी साध्या, जाड फळीची करावी. तळ आंतून पांच इंच चौरस व उंची नऊ इंच असावी. चिमणीसाठीं सव्वा इंच व दयाळासाठीं सुमारें दोन इंच व्यासाचें भोंक तळापासून सहा इंचांवर पाडावें. भोंकापुढें बसण्यास दांडी ठेवूं नये. तिचा उपयोग कावळ्यालाच अधिक होतो. आंतील फळी रंधून गुळगुळीत करूं नये, कारण तिच्या खरखरीत अंगास नखें रोवूनच पिलूं भोंकापर्यंत चढतें. तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावें, म्हणजे दुपारचें ऊन व वळवाचा मारा लागत नाहीं. जमिनीपासून आठ-दहा फूट उंची पुरे. झांकण उघडतां येईल असें असावें, पण तें उघडण्याची घाई करूं नये.

दयाळाची मादी बहुधा चार-पांच अंडीं घालते व तीं सुमारें तेरा दिवसांत फुटतात. पिलें प्रथम उघडीं व आंधळीं असतात. पुढें डोळे उघडतात, पिसांचे कोंब फुटतात, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास पिलें उडण्याजोगीं होतात. शेवटचे दिवस ओळखण्याची खूण सोपी आहे. तोंवर मायबाप खाऊ घेऊन आंत शिरत असत. आतां पिलूंच भोंकांतून डोकें बाहेर काढून खाऊ मागतें. पुढें पुढें मायबाप चोंचींत अळी धरून समोरच्या फांदीवरूनच साद घालूं लागतात. असें दिसलें कीं पेटीजवळ मुळींच जाऊं नये. या वेळीं झांकण उघडलें तर भेदरलेलीं पिलें वेळेपूर्वींच उड्या टाकतात आणि त्यांस पुन्हां आंत घातलें तरी तीं राहत नाहींत.

तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत आमच्या पेटींतील एक पिलूं सकाळीं पेरूच्या बुंध्याशीं बसलेलें आढळलें. शेपूट तोकडें, उडण्याची शक्ति बेताची. तें पडलेंच असें समजून आम्हीं त्यास उचलून टोपलीखालीं ठेविलें व भाकरीचा कुसकरा पाण्यांत कालवून चारला. दिवसभर नर व मादी चोंचींत अळ्या घेऊन गोठ्याभोंवतीं ओरडत होतीं. त्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं. दुसऱ्या दिवशीं टोपली उचलली तों पिलूं मेलेलें होतें. आम्हीं वांचविलें नसतें तर तें बहुधा वांचलें असतें.

पेटींतून उतरलेलें पिलूं आणि पडलेलें पिलूं यांतील भेद प्रत्येकानें जाणावा. अंगावर पिसें आलीं असून तें उड्या मारीत असेल, तर तें पडलेलें नव्हे, उतरलेलें आहे. मायबाप त्यास पुढें कांहीं आठवडे चारीत राहतात. त्यास तेथेंच असूं द्यावें. फारच उघड्यावर असेल तर जवळच्या झुडपांत ठेवावें. पिलूं उघडें, बिनपिसांचें असेल तर मात्र तें खरोखर पडलेलें असतें. त्यास अलगद उचलून पेटींत परत ठेवावें. माणसाचा हात लागला म्हणजे पक्षी पिलास टाकून देतो, ही समजूत खोटी आहे.

पुढील वर्षीं आम्हीं मांजर घरांत कोंडलें, कुत्रा बांधून ठेविला व ओट्यावर स्वस्थ बसलों. पहिलें पिलूं उजाडतांच भोंकांतून बाहेर आलें, क्षणभर फळीस लोंबकळलें व फडफडत जास्वंदींत उतरलें. दहा वाजेपर्यंत आणखी दोन गेलीं. चवथें दुपारपर्यंत डोकें बाहेर काढून बसलें होतें; भूक अनावर झाली तेव्हां तेंहि निघालें. आमचें काम एवढेंच, कीं हात आवरणें.

आणखी एक गोष्ट. पिलें पेटींत असतां व बाहेर पडल्यावर कांहीं दिवस त्या भागांत औषध फवारूं नये. फवाऱ्यानें मेलेली किंवा अर्धमेली कीड हातीं सहज लागते, आणि मायबाप तीच पिलांच्या चोंचींत घालतात. फवारा अपरिहार्यच असेल तर पेटीच्या आसपासचीं झाडें वगळावीं. पिलें गेल्यावर जुनें घरटें काढून पेटी उन्हांत वाळवावी. तेंच जोडपें पुन्हां येण्याचा संभव असतो.

येत्या माघापूर्वीं प्रत्येकानें निदान दोन पेट्या टांगाव्या, आणि पहिलें गवत आंत गेल्याची व शेवटचें पिलूं बाहेर पडल्याची तारीख वहींत टिपून ठेवावी. पावसाची व पेरणीची नोंद आपण ठेवितोंच. तिच्या शेजारीं ही एक ओळ जड होणार नाहीं.