ब्रिटिशांचे पूल पडत नाहीत?

आपल्याकडे एखादा जुना पूल चर्चेत आला की एक कथा हमखास निघते. पूल बांधणाऱ्या इंग्रज कंपनीचं विलायतेहून पत्र आलं म्हणे, की शंभर वर्षं झाली, आता आमची जबाबदारी संपली. पत्र कुणी पाहिलेलं नसतं. त्यामागचा समज मात्र पक्का असतो : ब्रिटिशांनी बांधलेला पूल पडत नाही.

त्यांच्या घरचेच पूल पडले आहेत. स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ टे नदीवरचा रेल्वे पूल १८७८ मध्ये सुरू झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात त्याचा मधला भाग धावत्या गाडीसकट पाण्यात गेला. गाडीतलं कुणीच वाचलं नाही. अभियंते टॉमस बाऊच यांनी वाऱ्याच्या आडव्या जोराचा वेगळा हिशेब धरलाच नव्हता. त्यात खांबांचे तिरके पट्टे ज्या कानांना जोडले होते, ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड दाब उत्तम सोसतं, ताण आला की तडकतं. चौकशीत आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींवर ठपका आला.

मग बीडच वाईट? तसंही नाही. श्रॉपशरमधला सेव्हर्न नदीवरचा आयर्न ब्रिज बिडाचाच आहे आणि १७७९ पासून उभा आहे. कारण तो कमानीचा. कमानीवरचं वजन मुख्यतः दाबाच्या रूपात दोन्ही काठांकडे उतरतं, आणि तेच बिडाला मानवतं. पूल उभारताना पहिला प्रश्न हाच असतो : ताण कुठे येणार, दाब कुठे येणार, आणि तिथे कोणता माल टिकेल?

टे दुर्घटनेनंतर फोर्थ खाडीवरच्या पुलाचं काम बाऊच यांच्याकडून काढून घेतलं गेलं. ते मिळालं जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांना. बेकर यांनी या पुलाचं तत्त्व माणसं बसवून दाखवलं. दोघं खुर्च्यांवर हात पसरून बसले. त्यांच्या हातांतल्या काठ्या खाली खुर्चीला टेकलेल्या, बाहेरच्या बाजूंना विटांचं वजन. दोघांच्या मधे टांगलेल्या फळीवर काइची वातानाबे हे जपानी अभियंते बसले. त्यांच्या भाराने हातांवर ताण आला, काठ्यांवर दाब. व्याख्यानांचे खंड वाचण्यापेक्षा हे चित्र पाहावं, असं मला वाटतं. या पुलासाठी वाऱ्याचा जोर चौरस फुटाला ५६ पौंड धरला. १८९० मध्ये सुरू झालेल्या या पुलावरून आजही गाड्या धावतात.

‘पूल हलला म्हणजे कच्चा’ हा आणखी एक समज. हंबर नदीवरच्या १४१० मीटर गाळ्याच्या झुलत्या पुलाने वाऱ्यात मुळीच हलायचं नाही म्हटलं, तर तो उभाच राहणार नाही. प्रश्न हलण्याचा नसतो, ते हलणं वाढत जाण्याचा असतो. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० ला खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. गर्दीने तो आडवा डुलू लागला. तोल सावरताना लोकांची पावलं त्या डुलण्यात भर घालू लागली. पूल मजबूत होता, कंपन शोषणारी सोय कमी होती. सुमारे ९० डॅम्पर बसवून २००२ मध्ये तो पुन्हा उघडला.

सैनिकांच्या कवायतीने पूल पडतो, ही गोष्ट खरी, पण अर्धीच. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटन पूल एका तालात चालणाऱ्या सैनिकांखाली कोसळला खरा. पण तुटला होता तो साखळीचा एक सदोष बोल्ट.

आणि पूल नेहमी वरच्या वजनानेच पडतो असंही नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या वर्किंग्टनचा दगडी पूल पुराने पाडला, तसाच २०१६ मध्ये महाडचा सावित्रीवरचा पूल पुरात गेला. वाहतं पाणी पायाखालची माती उपसून नेतं, आणि ते रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून पूर ओसरल्यावर पाहायचे ते कठडे नव्हेत, खांबांचे पाय.

आयर्न ब्रिजही आपोआप टिकलेला नाही. सरकते काठ कमानीला आत दाबू लागले, तेव्हा १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा आधार द्यावा लागला. त्याआधी, १९३४ मध्येच, त्यावर वाहनांना बंदी घातली गेली होती.