सहा सेकंदांची शर्यत, अनेक वर्षांची मेहनत



मल्लखांब हा आपल्या घरचा खेळ. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये त्याला राज्य खेळाचा दर्जा दिला, म्हणून भोपाळच्या मुलांना तो चांगलाच परिचित आहे. हाताची पकड, पायांचा जोर आणि मनाची एकाग्रता यांचीच परीक्षा घेणारा आणखी एक खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला आहे. तो म्हणजे स्पीड क्लाइंबिंग, अर्थात वेगाने भिंत चढण्याची शर्यत. या अंकात आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

यात १५ मीटर उंच, म्हणजे सुमारे पाच मजली इमारतीएवढी भिंत असते. ती ५ अंशांनी खेळाडूच्या अंगावर झुकलेली असते. दोन खेळाडू शेजारी-शेजारी चढतात. कमरेचा दोर फक्त सुरक्षेसाठी असतो. माथ्यावर हात मारला की घड्याळ थांबते. विशेष म्हणजे, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हातपाय टेकवायच्या पकडींची मांडणी सर्वत्र सारखीच असते. त्यामुळे खेळाडू तोच मार्ग हजारो वेळा चढून पाढ्यांसारखा पाठ करतात.

पोलंडमधील लुब्लिनच्या अलेक्सांद्रा मिरोस्लाव यांचे उदाहरण पाहू. २०१८ आणि २०१९ मध्ये त्या या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. परंतु २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वेगासाठी स्वतंत्र पदक नव्हते. गिर्यारोहणाच्या तीन प्रकारांतील क्रमांकांचा गुणाकार केला जाई आणि ज्याचा गुणाकार लहान, तो पुढे. मिरोस्लाव वेगात पहिल्या आल्या, ६.८४ सेकंदांचा विश्वविक्रमही केला. मात्र उरलेल्या दोन प्रकारांत आठव्या राहिल्या. १ × ८ × ८ = ६४. जपानच्या अकियो नोगुची तिन्हींत चौथ्या होत्या. ४ × ४ × ४ = ६४! बरोबरी झाली, पण तीनपैकी दोन प्रकारांत नोगुची पुढे असल्याने कांस्यपदक त्यांना मिळाले आणि विश्वविक्रम करूनही मिरोस्लाव चौथ्या ठरल्या.

त्यांनी सराव सोडला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेगाला स्वतंत्र पदक मिळाले. तेथे पात्रता फेरीत त्यांनी ६.०६ सेकंदांचा नवा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत त्यांची वेळ ६.१० होती, तर चीनच्या देंग लिजुआन यांची ६.१८. फरक केवळ ०.०८ सेकंदाचा! पोलंडचे त्या ऑलिंपिकमधील ते एकमेव सुवर्णपदक होते. तेव्हा त्यांचे वय ३० वर्षे होते. म्हणजे टोकियोच्या ६.८४ वरून ६.०६ वर, पाऊण सेकंदाहून थोडे अधिक कमी करण्यास तीन वर्षे लागली.

पालक विचारतील, यात भविष्य काय? खरे सांगायचे तर या खेळावर पोट भरणारे खेळाडू जगातही थोडेच आहेत. दुखापत झाली किंवा नियम बदलला, तर वर्षांची मेहनत अडकून पडते. म्हणून खेळासोबत शिक्षण चालू ठेवणे आवश्यक आहे, असे आमचे मत आहे. मात्र संधी वाढत आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही प्रकारांना स्वतंत्र पदके असतील. आपल्याकडे गिरिविहार या मुंबईच्या संस्थेने २०१६ मध्ये नवी मुंबईत क्लाइंबिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली होती. ती बोल्डरिंग प्रकाराची होती.

ज्या मुलांना चढण्याची आवड आहे, त्यांनी प्रशिक्षकाविना भिंतीवर किंवा खडकावर चढू नये. सुरुवात मल्लखांबापासून करावी. पकड तेथेच तयार होते. आणि पालकांनी मुलाचा क्रमांक विचारण्याआधी, मागच्या महिन्यापेक्षा तो किती पुढे गेला, हे जरूर विचारावे.