मापात केलेला बिघाड

अमेरिकेत सॅन दिएगोला ‘डी-थ्री-डी’ नावाचा टोकामॅक, म्हणजे अणुसंलयनाच्या प्रयोगांचं यंत्र, आहे. जनरल अ‍ॅटॉमिक्स ही कंपनी तो तिथल्या ऊर्जा खात्यासाठी चालवते. कड्याच्या आकाराच्या त्याच्या निर्वात पात्रात तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर भिंतीपासून अलग ठेवला जातो, तोही जेमतेम काही सेकंद. आतल्या ग्रॅफाइटच्या फरश्यांमागे 12 कॉइल दडलेल्या आहेत: सहा वरच्या अंगाला, सहा खालच्या. त्या बसवल्या दुसऱ्याच एका अस्थिरतेला आवर घालायला. नाव कमावलं ते भलत्याच कामात.

त्या कामाचं मूळ 1982 सालच्या एका सुखद शोधात आहे. जर्मनीत गार्चिंगला फ्रिट्झ वॅग्नर यांना दिसलं की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली, की प्लाझ्माच्या काठावर आपोआप बांध उभा राहतो आणि आतली उष्णता कितीतरी चांगली टिकते. हाच ‘एच-मोड’. पण बांध पक्का झाला की काठाशी दाब चढत जातो आणि मर्यादा ओलांडली की काठ फुटतो. या उद्रेकाला ‘एल्म’ म्हणतात. मिलिसेकंदाच्या आत उष्णतेचा लोंढा तळाच्या ‘डायव्हर्टर’ या भागावर आदळतो, दाब पुन्हा चढतो, काठ पुन्हा फुटतो. आजची यंत्रं हे सोसतात. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या टोकामॅकमध्ये मात्र एकेका मोठ्या उद्रेकाने टंगस्टनची भिंत वितळण्याची धास्ती आहे.

2004 मध्ये डी-थ्री-डीवर काम करणाऱ्या टॉड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी उपाय प्रसिद्ध केला. एरवी सगळी खटपट चुंबकीय क्षेत्र निर्दोष ठेवण्याची. त्यांनी त्यात मुद्दाम खोट आणली, तीही मूळ क्षेत्राच्या साधारण 10,000 व्या हिश्श्याएवढी. प्लाझ्मातल्या ड्यूटेरियमच्या प्रकाशाच्या आलेखावर एल्मची टोकदार शिखरं ओळीने उमटत होती. कॉइलमध्ये काही हजार अँपिअर सोडले, शिखरं थांबली आणि एच-मोड शाबूत राहिला. धरण काठोकाठ भरण्याआधीच दरवाजे जरासे उचलून विसर्ग चालू ठेवावा, तसं हे.

गंमत अशी, की काठावरच्या क्षेत्ररेषा विस्कटल्या तर उष्णता झिरपेल असं गणित होतं; प्रत्यक्षात मुख्यतः घनता घटली. ही घट हीच या उपायाची किंमतही आहे. प्रवाह वाढवला तर प्लाझ्माचं फिरणं मंदावतं, आणखी वाढवला तर सगळा प्लाझ्माच कोसळू शकतो. शिवाय क्षेत्ररेषांचा पीळ ठरावीक मापाचा असेल तरच हे साधतं. म्हणून खरं कसब प्रमाणात आहे. दक्षिण कोरियाच्या देजॉनमधल्या ‘केस्टार’मध्ये कॉइलच्या तीन रांगा असल्याने खोटेचा आकारही बदलता येतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर डी-थ्री-डी आणि केस्टार या दोन्ही यंत्रांवर संगणकानेच, मशीन लर्निंगच्या आधारे, प्रयोग चालू असताना कॉइलचे प्रवाह कमी-जास्त केले.

भारत भागीदार असलेल्या ईटरच्या आराखड्यात अशा 27 कॉइल आहेत, नऊ-नऊच्या तीन रांगांत. त्यांच्या तारांवर नेहमीचं प्लास्टिकचं आवरण चालणार नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्यात टिकावं म्हणून तिथे मॅग्नेशियम ऑक्साइडचं खनिज इन्सुलेशन वापरायचं आहे. कारण संलयन एकदा सुरू झालं की दुरुस्तीसाठी माणसाला आत उतरता येणार नाही.