टिकलीची थोरली बहीण

लेस्टरला भाचीकडे राहायला गेले होते. पहिल्याच सकाळी न्हाणीघराच्या आरशावर दोन टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या, एक लाल, एक मरून, आणि परक्या देशात एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आरशाखालच्या फळीवर मात्र एक अनोळखी पाकीट होतं. त्यावरच्या चित्रात कातडीच्या रंगाची, गोलसर कोपऱ्यांची चौकोनी पट्टी.

"पाठ दुखतेय का गं?" मी विचारलं.

"नाही गं मावशी! ती गर्भनिरोधक पट्टी आहे. आठवड्याला एक."

आपल्याकडे आशाताईंच्या पिशवीत 'माला-एन' आणि 'छाया'च्या गोळ्या असतात, सरकारी दवाखान्यात 'अंतरा'चं इंजेक्शन मिळतं. पट्टी त्या यादीत नाही. अमेरिकेत ती 2001 साली मंजूर झाली, युरोपात 2002 साली. भाचीनं त्या दिवशीची पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. साडेचार सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, वजन जवळजवळ नाहीच. टिकलीची थोरली बहीण म्हणावी अशी. ही एवढीशी चिकटपट्टी मूल राहू देत नाही, हे काही केल्या पचेना.

खरं नवल पट्टीच्या आधी कातडीचं आहे. आपण तासभर पोहतो, पण पाणी शोषून फुगत नाही. त्याचं कारण कातडीचा सगळ्यात वरचा थर. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही पातळ, तरी बांधकाम किल्ल्याच्या तटासारखं: चपट्या, मृत पेशींच्या विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना. या तटातून आत जायचं तर रेणू लहान हवा, चुन्यात विरघळणारा हवा आणि अगदी थोड्या मात्रेत काम करणारा हवा. इन्सुलिनचा रेणू यासाठी फारच मोठा, म्हणून मधुमेहींना सुई टळत नाही. पट्टीतली दोन संप्रेरकं, एथिनिल इस्ट्राडिऑल आणि नॉरेल्जेस्ट्रोमिन, वजनानं इन्सुलिनच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. ती चुन्यातून वाट काढत रक्तापर्यंत पोचतात.

कातडीच्या या दिंडीदरवाजाचा उपयोग औषधासाठी करण्याचं वेड होतं मूळच्या उरुग्वेच्या आलेहांद्रो झाफारोनी या शास्त्रज्ञाला. त्यांच्या 'अल्झा' कंपनीची कानामागे लावायची पट्टी 1979 साली अमेरिकेत मंजूर झाली. ती होती प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी. बाकीच्या औषधी पट्ट्या तिच्यामागून आल्या.

आणि मात्रा किती? युरोपातल्या या पट्टीतून दिवसाला सरासरी 34 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, म्हणजे एथिनिल इस्ट्राडिऑल, अंगात जातं. मिठाच्या एका बारीक कणाहूनही कमी! दोन्ही संप्रेरकांच्या एवढ्याशा निरोपावर मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियूष ग्रंथी गप्प बसते. बीजांड सोडायचा हुकूम ती अंडाशयाला देतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते.

रोजच्या गोळीनं रक्तातल्या संप्रेरकाचा आलेख घाटासारखा होतो: रोज चढ, रोज उतार. पट्टीचा आलेख म्हणजे पठार. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती वाया जाऊ शकते, पट्टीला पोटाशी देणंघेणंच नाही. पण पठाराचीही एक गोम आहे. 35 मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा पट्टीनं इस्ट्रोजेनचा कळस बुटका राहतो, तरी दिवसभराची गोळाबेरीज सुमारे 60 टक्क्यांनी जास्त भरते. म्हणून 2005 साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी माहितीपत्रकात तशी ठळक सूचना घालायला लावली.

ही पट्टी म्हणजे सतत वाहणारा झरा आहे, एवढं ध्यानात घेतलं की वापराचे नियम घोकावे लागत नाहीत. तेल लावलेल्या कपाळावर टिकली टिकत नाही, तशी लोशन-पावडर लावलेल्या अंगावर पट्टी टिकत नाही. म्हणून जागा स्वच्छ आणि कोरडी हवी: पोट, नितंब, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग. स्तनांवर कधीच नाही. तळव्यानं दहा सेकंद दाबायची, कडा बोटानं चाचपायच्या आणि रोज एकदा पाहायची. आंघोळ, पोहणं, व्यायाम सगळं चालतं. कात्रीनं कापून 'अर्धा डोस' मात्र करायचा नाही.

तीन आठवडे, दर आठवड्याला त्याच वारी, नवी पट्टी थोड्या वेगळ्या जागी. चौथा आठवडा सुट्टीचा, त्यात पाळीसारखा रक्तस्राव होतो. सगळ्यात महागात पडते ती ही सुट्टी लांबवणं. सात दिवस झरा बंद राहिला की पियूष ग्रंथी जागी होऊ लागते. आठवा, नववा दिवस गेला तर बीजांड सुटू शकतं. तेव्हा आठवण येताच पट्टी लावायची आणि पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा. दरम्यान संबंध आला असेल तर डॉक्टरांना विचारायचं. मधल्या आठवड्यात बदलायला दोन दिवसांपर्यंत उशीर झाला तर निभावतं, कारण पट्टीत साठा शिल्लक असतो. पट्टी निघून आली आणि चोवीस तास उलटले नसतील तर तीच किंवा नवी लावून वेळापत्रक पुढे चालू. त्याहून जास्त वेळ गेला तर नवं चक्र, नवा वार आणि पुन्हा सात दिवस निरोध. चिकटपणा गेलेली पट्टी वरून टेप मारून बसवायची नाही. लैंगिक आजारांपासून पट्टी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच.

इस्ट्रोजेन यकृताकरवी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. कातडीतून गेलं तरी एथिनिल इस्ट्राडिऑल यकृताला चुकत नाही. त्याच्या रेणूला 1938 साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी जोडलेली छोटीशी शेपटी त्याला लवकर मोडू देत नाही, त्यामुळे ते यकृतातून फिरफिरून जात राहतं. वर्षभरात दहा हजार बायकांपैकी साधारण दोघींना एरवीही शिरेत गाठ होते. ही पट्टी वापरणाऱ्यांत ती संख्या सहा ते बारा होते. गरोदरपणात हा धोका याहून जास्त असतो, हेही सांगायला हवं. म्हणून पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, पूर्वी गाठ झालेल्या, रक्तदाब वाढलेल्या, डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा नाचवणारी अर्धशिशी असलेल्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी दुसरा उपाय शोधावा. वजन नव्वद किलोंच्या पुढे असेल तर पट्टीचा भरवसा कमी होतो. एका पोटरीला दुखरी सूज, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, बोलणं किंवा दिसणं बिघडणं, यांपैकी काहीही झालं तर पट्टी काढायची आणि थेट दवाखाना गाठायचा.

आपल्या ओळखीचं एक औषधही आड येतं: क्षयरोगाचं, लघवी नारिंगी करणारं रिफॅम्पिसिन. त्यानं यकृत संप्रेरकं भराभर मोडून टाकतं. औषध थांबल्यावरही चार आठवडे पट्टीवर विसंबता येत नाही. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच.

त्या दिवशी भाचीचा बदलाचा वार होता. तिनं दंडावरची जुनी पट्टी सोलून काढली, चिकट बाजू आत घेऊन घट्ट दुमडली आणि पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्यात टाकली. या पट्टीत सुरुवातीला 600 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. सात दिवसांत जेमतेम 240 संपतं, अर्ध्याहून जास्त उरतं. संडासातून वाहून गेलं तर ते नदीतल्या माशांपर्यंत पोचेल.

नवी पट्टी दुसऱ्या दंडावर लागली. दहा सेकंद तळवा दाबून धरला. मग तिनं आरशावरची मरून टिकली अलगद सोडवली आणि कपाळावर टेकवली.